दोन्ही अर्थांनी वऱ्हाडी

पुण्याला बँकेच्या एका प्रशिक्षणासाठी गेलो होतो. तिथे शेजारच्या खाटेवरच्या गृहस्थांनी माझं बोलणं पाच मिनिटं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुम्ही वऱ्हाडी का हो?"

मी म्हटलं, "दोन्ही अर्थांनी."

ते हसले नाहीत. पुण्यात पहिल्या ओळखीत हसण्याचा प्रघात नसावा. पण मी खरंच सांगत होतो. माझा जन्म अकोटचा, तेव्हा एका अर्थाने मी वऱ्हाडी आहेच. दुसरा अर्थ असा, की कळायला लागल्यापासून मी दुसऱ्यांच्या लग्नात वऱ्हाडी म्हणून जात आलो आहे. प्रांताला आणि लग्नाच्या मंडळींना एकच शब्द असलेला दुसरा मुलूख जगाच्या पाठीवर असेल असं वाटत नाही. कोकणी माणूस लग्नाला गेला तरी कोकणीच राहतो. आम्ही मात्र लग्नाला निघालो की वऱ्हाडातले वऱ्हाडी वऱ्हाडात निघतो.

वाणिज्य शाखेची पदवी आणि बँकेतली कारकुनी या दोन गोष्टींमुळे माणसाला कशाचीही बेरीज करायची खोड लागते. एका रविवारी मी बसून हिशेब मांडला. आजवर सुमारे सव्वादोनशे लग्नं झाली. पैकी नवरदेव म्हणून फक्त एकात हजर होतो, आणि नेमकं त्याच लग्नात मला पोटभर जेवायला मिळालं नाही. बाकी सर्व ठिकाणी पंगत सोडली नाही. म्हणजे मी सव्वादोनशे बापांच्या घरचं जेवलो आहे. तेव्हा हा आकडा मला अभिमानाचा वाटला होता. तो तसा का राहिला नाही, ते पुढे येईलच.

आधी थोडा इतिहास. वऱ्हाड हे नाव आलं कुठून? अकबराच्या दरबारातले अबुल फजल 'ऐने अकबरी'त लिहून गेले आहेत, की या मुलखाचं मूळ नाव 'वरदातट'. वरदा म्हणजे वर्धा नदी, तिचा काठ तो वरदातट. विद्वानांनी यावर वाद घालावा. आम्हां अडाण्यांची समजूत वेगळी आहे. आमचा मुलूख पुराणकाळापासून मुलीकडचं घर आहे, आणि ज्या घरी सारखी वऱ्हाडं येतात त्याला लोक वऱ्हाड म्हणणारच!

पुरावा पाहा. लोपामुद्रा विदर्भाची, दमयंती विदर्भाची, रुक्मिणी विदर्भाची. रामाची आजी इंदुमती, तीही विदर्भाचीच. एवढ्या मोठ्या घरांत लेकी दिलेला दुसरा प्रांत दाखवा. आणि प्रत्येक लग्नात काही ना काही भानगड झालेली आहे. दमयंतीच्या स्वयंवराला इंद्र, अग्नी, वरुण आणि यम असे चार देव नळाचं रूप घेऊन बसले. एका नवरीसमोर पाच नवरदेव, आणि पाचही सारखे! यमाला लग्नात आणून बसवणारा मुलूख आमचाच. इंदुमतीने अजाला माळ घातली, तर बाकीच्या राजांनी परतीच्या वाटेवर त्याच्यावर हल्ला केला. मानपानाचा राग वेशीबाहेर काढायची पद्धत तेव्हापासूनची दिसते.

पण माझा खरा जीव गुंततो तो शिशुपालाच्या वऱ्हाडात. कौंडिण्यपूर आजही अमरावती जिल्ह्यात वर्धेच्या काठी आहे. तिथे शिशुपाल वाजतगाजत आला. त्याच्या वऱ्हाडात जरासंधासारखे बडे राजे होते. इकडे रुक्मिणी देवीच्या दर्शनाला गेली आणि कृष्णाने तिला रथात घालून नेली. अमरावतीचे लोक ती देवी म्हणजे आमची अंबादेवी असं अभिमानाने सांगतात. पुढचं युद्ध, रुक्मीचा पराभव, सगळं पुराणात आलं आहे. पण त्या वऱ्हाड्यांचं काय झालं, ते जेवले की तसेच गेले, हे एकाही ऋषीने लिहून ठेवलेलं नाही! सामान्य वऱ्हाड्याकडे इतिहासाने नेहमीच दुर्लक्ष केलं आहे. बुंदी पाडून झाली असेल, भाताला आधण आलं असेल आणि नवरीच नाही. मी त्या वऱ्हाडात असतो तर काय केलं असतं हे मला पक्कं ठाऊक आहे. हळूच कोणाला तरी विचारलं असतं, "बाप्पा, पंगत तर होईन ना?"

लोपामुद्रेची गोष्ट त्याहून निराळी. अगस्त्य ऋषींशी तिचं लग्न झालं आणि तिने नवऱ्यापाशी दागदागिन्यांची इच्छा सांगितली. ऋषी धन मागायला निघाले. एकामागून एक तीन राजांकडे गेले. प्रत्येकाने जमाखर्च पुढे ठेवला. जमा आणि खर्च बरोबर सारखे! ऋषींनी विचार केला, की यातून आपण काही घेतलं तर रयतेला त्रास होईल. तेव्हा त्यांनी तिथून काही घेतलं नाही, राजांना बरोबर घेऊन ते इल्वल नावाच्या श्रीमंत दैत्याकडे गेले. समोरच्याचा ताळेबंद पाहून मग मागणी करणारा जावई आमच्या प्रांताच्या इतिहासात तो पहिला, आणि माझ्या माहितीप्रमाणे शेवटचा.

नंतरचा इतिहास बिनबोलावलेल्या वऱ्हाडांचा आहे. अकोटहून जवळच असलेल्या अडगावला २९ नोव्हेंबर १८०३ रोजी जनरल वेलस्ली फौजफाटा घेऊन आला, भोसल्यांचा पराभव केला आणि पंधरा-सोळा दिवसांत गाविलगडही घेतला. पुढे याच पाहुण्याने वॉटर्लूला नेपोलियनला हरवलं. म्हणजे त्याची तालीम आमच्या कपाशीच्या शेतात झाली. १८५३ साली निजामाकडे इंग्रजी फौजेच्या खर्चाची बाकी थकली, तेव्हा वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या हवाली करण्यात आला. बँकेच्या भाषेत सांगायचं तर आमचा अख्खा प्रांतच एकदा थकबाकीपोटी तारण गेलेला आहे. तेव्हा आमच्याकडचा एखादा शेतकरी तारणाच्या कागदावर सही करताना फारसा दचकत नाही, यात नवल नाही. रक्तातच आहे ते.

मग अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी माजली, तिथला कापूस विलायतेला जाईना, आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. 'वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड' ही म्हण आम्ही अजून अभिमानाने सांगतो. कुऱ्हाड सोन्याची असली तरी ती पायावर पडली तर लागते, एवढंच सांगायचं राहून जातं.

आता माझ्या स्वतःच्या कारकीर्दीकडे वळू. आमच्या आळीत रीत होती, 'घरटी एक माणूस'. कोणाच्याही घरचं वऱ्हाड निघालं की प्रत्येक घरातून एकाने जायचंच. वडिलांना दुकानातून सवड नसे, थोरल्या भावाला परीक्षा असे. तेव्हा घरातला बिनकामाचा माणूस म्हणून वयाच्या आठव्या वर्षापासून वऱ्हाडात माझी नेमणूक झाली. "बापू नाई आले का?" असं कोणी विचारलं की मी छाती काढून सांगे, "मी आलो ना!"

वऱ्हाडाचं वाहन हा एक स्वतंत्र विषय आहे. आजोबांच्या काळी बंड्या आणि दमण्या असत. आमच्या वेळेला ट्रक आला. त्यात खाली कडबा, कडब्यावर सतरंजी आणि सतरंजीवर माणसं. अकोटच्या सतरंज्यांची एके काळी ख्याती होती. त्या इतक्या दणकट का विणत, हे चाळीस वऱ्हाडी घेऊन धावणारा ट्रक पाहिल्याशिवाय कळत नाही. थोडी ऐपत असली तर एस. टी. ठरे, आणि सोयरीक सातपुड्यापलीकडे, खांडव्याकडे झाली असली तर मीटरगेजची आगगाडी. धूळघाटला ही गाडी असा वळसा घेई, की आपल्याच रुळांवरून जाई. पोरं खिडकीतून ओरडत, "नवरदेवा, एक फेरा झाला रे!" ती गाडी २०१७ च्या सुरुवातीला रुंदीकरणासाठी बंद झाली. मोठ्या रुळांवरून अकोल्याहून अकोटपर्यंत गाडी यायला २०२२ चा नोव्हेंबर उजाडला. पुढचा मार्ग मेळघाटच्या वाघांमधून न्यायचा की बाहेरून, यावर वर्षानुवर्षं वाद झाला. वाघांचा यात दोष नाही. गाडीत वऱ्हाड असतं तर त्यांनी स्वतःच रस्ता सोडला असता.

लक्ष्मणराव देशपांड्यांनी १९७९ साली 'वऱ्हाड निघालंय लंडनला' रंगभूमीवर आणलं आणि एकट्याने पन्नासावर माणसं उभी केली. त्यातलं वऱ्हाड मराठवाड्याचं, पण ते पाहताना आम्ही सगळे आपापले काका-मामा ओळखत होतो. एका माणसाने पन्नास वऱ्हाडी होणं ही अचाट कला खरी. पण एकेक वऱ्हाडी पन्नास माणसांचा त्रास देऊ शकतो, हे आम्ही जानोशात नित्य करून दाखवत होतो.

जानोसा म्हणजे मुलीकडच्यांनी वऱ्हाडाला दिलेला बिऱ्हाडघर. सहसा गावची शाळा. तिथे पाऊल टाकताच माणसाच्या स्वभावात फरक पडतो. घरी नळाखाली गार पाण्याने आंघोळ करणाऱ्याला तिथे कढत पाणी लागतं. घरी कडुलिंबाची काडी चावणारा इथे टूथपेस्ट मागतो, आणि तीही विशिष्ट रंगाची. घरी बायकोने चहा दिला तर उपकार मानणारा गृहस्थ इथे ओरडतो, "हा काय चहा हाये राजेहो? बकरीले बी पाजता नाई येत!" मुलीकडचा एखादा पोऱ्या धावत जाऊन दुसरा चहा आणतो. तो पहिल्यासारखाच असतो, पण तो पिऊन मंडळी शांत होतात. चहात खोट नव्हतीच. माणूस वर्षभर सावकार, तलाठी, साहेब, सासरा यांच्यापुढे वाकलेला असतो. वरपक्षाचा वऱ्हाडी म्हणून मिळणारा दीड दिवस हीच त्याची काय ती राजवट. 'राजेहो' हे संबोधन आमच्याकडे उगाच आलेलं नाही.

१९६१ साली हुंडाबंदीचा कायदा झाला, पण वऱ्हाड्याच्या या राजवटीला कोणत्याही कायद्याने हात लावला नाही.

अशाच एका राजवटीतली ही गोष्ट. साल १९९३, महिना मे, पारा पंचेचाळिसाच्या वर. आमच्या आळीतल्या एका मुलाचं लग्न सातपुड्याच्या पायथ्याच्या एका खेड्यात होतं. मी चौदा वर्षांचा. आमच्याकडे लग्नं मे महिन्यातच निघतात, कारण तेव्हा शेत रिकामं असतं आणि कापसाचे पैसे आलेले असतात. निदान यावेत अशी अपेक्षा असते. १९७२ पासून पुढली जवळजवळ तीस वर्षं सरकारच्या एकाधिकार योजनेत कापूस विकावा लागे आणि चुकारे कधी येतील ते पंचांगात नसे. मुहूर्त ब्राह्मण काढी, पण लग्न चुकाऱ्यावर ठरे.

मुहूर्त साडेअकराचा होता. आमचा नवरदेव मारुतीच्या देवळातून घोड्यावर निघाला आणि पोरं बँडपुढे नाचत राहिली ती दीड वाजेपर्यंत. मांडवात बायका ज्वारीच्या रंगीत अक्षता मुठीत धरून बसलेल्या, त्यांची लेकरं रडत असलेली. नवरीचे वडील डोक्याला फेटा आणि हात जोडलेले, अशा अवस्थेत दोन तास उन्हात उभे. शेवटी लग्न लागलं, सरबत आलं. आमच्यातल्या कोणीतरी पेला तोंडाला लावला आणि म्हणाला, "कोमट हाये! बर्फ नाई का?"

झालं. सगळ्या वऱ्हाडाला एकदम बर्फाची तहान लागली. बर्फाशिवाय पंगतीला बसणार नाही, असं ठरलं. ठरवणाऱ्यांत सर्वांत मोठा आवाज माझा होता. तोपर्यंत बर्फ मी फक्त गोळेवाल्याच्या गाडीवर पाहिलेला. नवरीच्या वडिलांनी एका माणसाला मोटारसायकलवर अकोटला धाडलं. तो गोणपाटात, लाकडाच्या भुशात गुंडाळलेली लादी घेऊन आला, तेव्हा तिची अर्धी लादी झाली होती. आम्ही पोरांनी त्यातला थोडा सरबतात टाकला आणि उरलेला एकमेकांच्या पाठीत. नवरीचे वडील पाहत होते. त्यांचे हात जोडलेलेच होते. मग ते पंगतीत फिरून एकेकाला सांगू लागले, "होऊ द्या सावकाश! बुंदी घ्या, बुंदी घ्या." मी चार वेळा घेतली.

यानंतर काही वर्षांनी मी बँकेत लागलो आणि एक नवीन भाषा शिकलो. शेतकऱ्यांच्या जुन्या कर्जांच्या फायली चाळताना दिसे, की एखाद्या गावात विहिरींसाठी जेवढी कर्जं निघाली, तेवढ्या विहिरी खोदल्या असत्या तर गाव जमिनीत गेलं असतं. मी एका अनुभवी सहकाऱ्याला विचारलं, "एवढ्या विहिरी गेल्या कुठे?" तो शिक्का मारता मारता म्हणाला, "विहिरीचं कर्ज विहिणीत गेलं, असं समज." तपासणीला साहेब गेला की शेजारच्याची विहीर दाखवायची. एकेका विहिरीने तीन-तीन कर्जांच्या तपासण्या पार पाडलेल्या असत.

मला आधी याची फार मौज वाटली. मग २००८ साल आलं. केंद्र सरकारने शेतकऱ्यांची कर्जमाफी जाहीर केली. दोन हेक्टरांपर्यंत, म्हणजे साधारण पाच एकरांपर्यंत शेती असणाऱ्याची थकबाकी पूर्ण माफ, त्यावरच्याने पंचाहत्तर टक्के भरले तर पंचवीस टक्के सूट. याद्या लागल्या आणि बँकेत जत्रा भरली. एक दिवस एक म्हातारे गृहस्थ माझ्या खिडकीशी आले. धोतर, टोपी, हातात पासबुक.

"भाऊ, माहं नाव हाये का यादीत, तेवढं पाहून सांगा."

मी गावाचं नाव वाचलं आणि थबकलो. यादीत पाहिलं. साडेचार एकर, पीककर्ज, पूर्ण माफ.

"आहे काका. पूर्ण माफी."

म्हातारे हसले. म्हणाले, "पोरीच्या लग्नानं भेटली म्हना माफी!"

"म्हणजे?"

"साडेसहा एकर होती जी. लग्नाले विहिरीचं कर्ज काढलं, विहीर काई झाली नाई. मंग दोन एकर इकून ते फेडलं. ते दोन एकर असते, तं पाचाच्या वर गेलो असतो. मंग कायची माफी?"

मागच्या रांगेतले दोघेतिघे मोठ्याने हसले. वऱ्हाडी माणसाला आपल्या दुःखावर हसलेलं चालतं, मात्र पहिल्यांदा तो स्वतः हसला पाहिजे. मीही हसायला तोंड उघडलं, पण ते तसंच राहिलं. मनातल्या मनात बेरीज सुरू झाली होती. दोन एकरांत घोडा किती, बँड किती, बुंदी किती, आणि बर्फाची ती अर्धी लादी किती गुंठ्यांची?

म्हाताऱ्यांनी पासबुक खिशात घातलं, पण ते हलले नाहीत. माझ्याकडे निरखून पाहत म्हणाले, "तुमी अकोटचेच ना? बापूंचे लहाने? तुमी वराडात आलते आमच्या इथं."

मी मान हलवली.

"पोट्टे होते तवा. मले ध्यानात हाये. तवा बर्फ कमी पडला होता जी," ते म्हणाले. "तुमाले भेटला होता का?"

यात टोमणा असता तर बरं झालं असतं. नव्हता. पंधरा वर्षं तो माणूस एका अर्ध्या लादीची रुखरुख घेऊन होता. मी कसाबसा म्हणालो, "मिळाला होता काका. भरपूर मिळाला होता." ते समाधानाने गेले. त्या दिवशी माझी कॅश जुळेना. संध्याकाळी साडेसातपर्यंत बसलो.

इतिहासाच्या दृष्टीने यात नवीन काही नाही. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाने २५ डिसेंबर १८७३ रोजी पुण्यात पहिलं साधं लग्न लावून दाखवलं होतं. आमच्या अकोटहून अंजनगावच्या रस्त्याला लागलं की तिकडचं शेणगाव हे गाडगेबाबांचं जन्मगाव. १८७६ साली जन्मलेला हा माणूस १९५६ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, कीर्तनातून सांगत होता, की लग्नासाठी कर्ज काढू नका. तुकडोजी महाराजांनी ग्रामगीतेतही हाच विषय मांडला. आमच्या आजोबांनी गाडगेबाबांचं कीर्तन समोर बसून ऐकलं होतं, ते सांगताना त्यांच्या डोळ्यांत पाणी येई. आणि आमच्या आत्याच्या लग्नात त्यांनी पाचशे पान वाढलं.

उलट बाजूही सांगितली पाहिजे, नाही तर हिशेब एकतर्फी होईल. १८७५ साली पुणे-नगरकडे शेतकरी सावकारांवर उठले. तेव्हाच्या चौकशी आयोगाने लग्नखर्चाचाही विचार केला आणि नोंदवलं, की शेतकऱ्याच्या कर्जासाठी या खर्चाला जरुरीपेक्षा जास्त दोष दिला जातो. बी-बियाणं, सारा, रोजचं खाणं यांची लहान लहान देणी मिळूनच माणूस बुडतो. मला हे पटतं. साडेसहा एकर कोरडवाहू कपाशीवाला माणूस एका बुंदीने बुडत नाही. पण बुडत्याच्या खांद्यावर बसून बर्फ मागणारा आयोगाने पाहिला नव्हता. तो मी पाहिला आहे, आरशात.

आता लग्नं शाळेतून मंगल कार्यालयात गेली, पंगती उठून बुफे आला. हातात ताटली घेऊन माणसं रांगेत उभी राहतात, तेव्हा मला कर्जमाफीची रांग आठवते. तरीही मी लग्नं सोडलेली नाहीत. घरटी एक माणूस ही रीत मोडणारा मी कोण? वडील गेल्यापासून तर ती नेमणूक कायमच झाली आहे. फक्त दोन बदल केले. पत्रिकेत बारा पस्तीसचा मुहूर्त असेल तर बारा पस्तीसला मी एकटा का होईना, अक्षता घेऊन मांडवात उभा असतो. मुलीकडचे लोक संशयाने पाहतात. त्यांना वाटतं, हा कुठल्यातरी दुसऱ्या लग्नाचा माणूस चुकून इथे आला.

आणि दुसरा बदल असा, की मुलीचे वडील हात जोडून समोर आले, "व्यवस्था बरोबर आहे ना?" म्हणाले, की मी घाईघाईने त्यांचे जोडलेले हात धरून खाली करतो. परवा एका लग्नात असं केलं तेव्हा ते गृहस्थ घाबरले. त्यांना वाटलं, माझ्या मनात मानपानाचं काही राहून गेलंय. त्यांनी लगेच पोराला हाक मारली, "अरे, साहेबांसाठी थंड आण! बर्फ घालून आण!"

आता त्यांना कोण समजावणार!